पवनचक्कीचं एक पातं, तीन धडे

साताऱ्याहून निघालं की सज्जनगडाचा फाटा, मग ठोसेघर, आणि ठोसेघरच्या वर चाळकेवाडी. पठारावर पोचताच वारा कानात शिरतो आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. पावसाळ्यात लोक तिथे पवनचक्क्या बघतात, भाजलेलं कणीस खातात, फोटो काढतात आणि खाली उतरतात. मी शिकवणीची पाच-सहा पोरं घेऊन गेलो होतो. त्यांचं म्हणणं, प्राचल समीकरणं, ध्रुवीय निर्देशक आणि संमिश्र संख्या हे तीन वेगवेगळे ताप आहेत आणि तिघांची सूत्रं वेगवेगळी पाठ करावी लागतात. मी म्हटलं, समोरच्या चक्कीच्या एकाच पात्याच्या टोकावर नजर धरा.

"सर, गरगरतंय."

"तेवढंच शिकायचंय."

सोयीचे आकडे धरू. खांब ५० मीटर, पातं २० मीटर, आणि एक फेरा पूर्ण व्हायला ३ सेकंद. म्हणजे सेकंदाला १२० अंश. खांबाच्या पायथ्याशी शून्य, आडवं अंतर क्ष, उंची य. आता टोक कुठे आहे? याला एक उत्तर नाही, कारण ते थांबतच नाही. "कुठे" विचारायचं तर आधी "कधी" सांगावं लागतं. हे "कधी" म्हणजेच प्राचल. त्याला ट म्हणू, सेकंदांत. चक्कीच्या समोर, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर पाती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून:

क्ष = २० साइन (१२०ट)
य = ५० + २० कॉस (१२०ट)

ट = ० ठेवा: (०, ७०), टोक अगदी वर. ट = १: (१७.३, ४०), उजवीकडे खाली. ट = १.५: (०, ३०), सगळ्यात खाली. ट = २: (−१७.३, ४०). ट = ३: पुन्हा वर. एवढे पाच बिंदू कागदावर काढा आणि मधे बाण दाखवा. बाणाशिवाय काढलेला प्राचल आलेख मी अर्धाच समजतो, आणि गुणही अर्धेच देतो.

आता पुस्तकातला नेहमीचा प्रश्न: ट काढून टाका. साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर १, म्हणून क्ष² + (य − ५०)² = ४००. वर्तुळ. पोरं इथे खूश होतात, कारण ओळखीचं काहीतरी हाती आलं. पण या व्यवहारात काय गेलं ते बघा. चक्की कुठल्या बाजूला फिरते, ते गेलं. किती वेगाने फिरते, ते गेलं. कुठून सुरू झाली, तेही गेलं. चक्कीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा: क्ष चं चिन्ह बदलेल, पाती काट्यांच्या उलट फिरताना दिसतील, आणि वर्तुळाच्या समीकरणाला काडीचा फरक पडणार नाही. वर्तुळ म्हणजे मातीत उमटलेली चाकोरी. गाडी केव्हा गेली, कुठल्या दिशेला गेली, हे चाकोरी सांगत नाही.

याच मुद्द्यावर परीक्षेत एक प्रश्न हमखास पाय घसरवतो. एका दुचाकीची जागा (२ट, ट), दुसरीची (८ − ट, ट − २), ट मिनिटांत. टक्कर होईल का? दोन्ही रेषा काढल्या तर त्या (४, २) पाशी छेदतात, आणि निम्मा वर्ग "होईल" लिहून मोकळा होतो. पण पहिली तिथे २ऱ्या मिनिटाला पोचते आणि दुसरी ४थ्या. पहिली पोचली तेव्हा दुसरी अजून (६, ०) वर आहे. रस्ते भेटले, माणसं भेटली नाहीत. छेदनबिंदू काढायचा असेल तर दोघांसाठी दोन वेगळे ट घ्या. टक्कर विचारली असेल तर एकच ट. (आमच्या पोवई नाक्यावर तर आता ग्रेड सेपरेटर आहे. नकाशावर छेदणारे रस्ते तिथे वेगवेगळ्या उंचीवर आहेत, म्हणजे वेळ एकच असली तरी भेट नाही.)

आणखी एक उदाहरण वहीत उतरवून घ्या, कारण ते पुढे विहिरीवर उपयोगी पडणार आहे. क्ष = साइन² ट, य = कॉस² ट. ट काढला की क्ष + य = १, सरळ रेषा. पण वर्ग कधी ऋण होत नाही आणि इथे १ च्या वरही जात नाही. म्हणून अख्खी रेषा नाही, (०, १) पासून (१, ०) पर्यंतचा तुकडाच, आणि बिंदू त्यावर झोपाळ्यासारखा नुसता मागे-पुढे करतो. ट काढून टाकण्याआधी क्ष आणि य कुठून कुठपर्यंत जाऊ शकतात हे लिहून ठेवायची सवय लावा. काढून टाकल्यावर ते आठवत नाही.

दुसऱ्या धड्यासाठी पठारावरून घरी, अंगणात. रांगोळी दोन तऱ्हेने काढतात. एक ठिपक्यांची: आडव्या ओळी, उभ्या ओळी, "तिसऱ्या ओळीतला पाचवा ठिपका". हे क्ष आणि य. दुसरी संस्कारभारतीची: मधे बोट टेकवायचं, दोरीला खडू बांधायचा, गोल मारायचा, मग गोलाचे सारखे भाग पाडून पाकळ्या भरायच्या. तिथे ओळी नाहीत. मध्यापासून किती लांब आणि कुठल्या दिशेला, एवढंच. हे ध्रुवीय निर्देशक: अंतर र, कोन थीटा. गावाकडे पत्ता सांगणारा म्हातारासुद्धा ध्रुवीयच बोलतो: "मारुतीच्या देवळापास्नं उगवतीला, हाकेच्या अंतरावर."

र आणि थीटावरून क्ष, य काढणं सोपं: क्ष = र कॉस थीटा, य = र साइन थीटा. घोळ उलट जाताना होतो. बिंदू (−१, १) घ्या. र = √२. थीटासाठी पोरं य भागिले क्ष करतात, −१ येतं, आणि टॅनची −१ किंमत −४५ अंशांना असते म्हणून −४५ लिहून टाकतात. −४५ अंश म्हणजे उजवीकडे खाली. आपला बिंदू डावीकडे वर आहे. बरोबर उत्तर १३५. भागाकारात −१ भागिले १ आणि १ भागिले −१ सारखेच दिसतात, त्यामुळे टॅनला कुठलं टोक कुठलं ते कळत नाही. आधी बिंदू कागदावर ठेवा, चरण (दोन अक्षांनी पाडलेल्या चार भागांपैकी कुठला) बघा, मग कोन लिहा. ही एवढी शिस्त पाळली तर या प्रकरणातल्या बहुतेक चुका आपोआप जातात. खोटं वाटत असेल तर मागच्या चाचणीचा पेपर काढून बघा.

दुसरी अडचण मनाची आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत एका ठिपक्याला एकच नाव. ध्रुवीयात एकाच बिंदूला नावंच नावं: (२, ३०°) म्हणजेच (२, ३९०°) म्हणजेच (−२, २१०°). ऋण अंतर म्हणजे काय? तोंड २१० अंशांकडे करायचं आणि दोन पावलं मागे चालायचं. पोचता तिथेच.

सराव करायचा तर र = ६ कॉस थीटा यापासून करा. थीटा ० असताना र ६. ६० ला ३. ९० ला ०. १२० ला −३. हा −३ म्हणजे खरं तर ३०० अंशांच्या दिशेला ३. असे बिंदू ठेवत गेलात तर १८० अंशांतच एक वर्तुळ पुरं होतं आणि पुढचे १८० अंश तेच वर्तुळ पुन्हा गिरवतात. ते वर्तुळच आहे हे दाखवायला दोन्ही बाजूंना र ने गुणा: र² = ६ र कॉस थीटा, म्हणजे क्ष² + य² = ६क्ष, म्हणजे (क्ष − ३)² + य² = ९. केंद्र (३, ०), त्रिज्या ३. "र ने का गुणायचं हे सुचणार कसं?" असं एकीने विचारलं. खरं सांगायचं तर सुचत नाही, दोन-चार गणितं हाताखालून गेली की हात आपोआप तिकडे जातो. कॉस थीटा एकटं दिसलं की त्याला शेजारी र हवा असतो, मग त्याचा क्ष होतो.

आणि मग पाकळ्या. र = कॉस २थीटा काढा: चार पाकळ्या. र = कॉस ३थीटा: तीनच. दोनाला चार आणि तिनाला तीन, हे काय प्रकरण? तिनाच्या वेळी ऋण र मुळे येणाऱ्या पाकळ्या आधीच्याच पाकळ्यांवर बसतात; दोनाच्या वेळी त्या रिकाम्या जागी पडतात. त्यामुळे सम आकड्याला दुप्पट, विषमाला तितक्याच. कासच्या पठारावर सप्टेंबरात फुलं बघायला गेलात तर हे कोडं घेऊन जा: या सूत्रात पूर्ण संख्या घालून सहा पाकळ्यांचं फूल काढून दाखवा. निघणार नाही. सहा हवं तर तीनची दुप्पट व्हायला पाहिजे, आणि तीन विषम.

तिसरा धडा लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि मला सगळ्यात सोपा वाटतो. त्याला कारण आमचा जिल्हा. इथे आपशिंगे मिलिटरीसारखी घरोघरी फौजी असलेली गावं आहेत, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच सुरू झालं, आणि शाळेच्या मैदानावर कवायत केली नाही असं पोर सापडायचं नाही. ज्याला "पीछे मूड" कळतं त्याला संमिश्र संख्या कळतात.

पुढे तोंड करून उभे राहा. ही दिशा १. "पीछे मूड" म्हटलं की तोंड −१ कडे. म्हणजे −१ ने गुणणं म्हणजे पीछे मूड. दोनदा पीछे मूड केलं की पुन्हा पुढे तोंड: −१ गुणिले −१ बरोबर १. ऋण गुणिले ऋण धन का, याचं यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही.

आता प्रश्न असा: अशी कुठली आज्ञा आहे जी दोनदा दिली की एक पीछे मूड होतं? रांगेतलं कुठलंही पोर सांगेल, "बाये मूड." दोन बाये मूड म्हणजे एक पीछे मूड. त्या बाये मूडला गणितात आय म्हणतात. (आमच्याकडे आय म्हणजे आई. इथे ती नव्हे, पण वळण तीच लावते.) आय गुणिले आय बरोबर −१. यात काल्पनिक काय आहे? नाव तेवढं वाईट पडलं. आणि कवायतीत पीछे मूड खरं तर उजवीकडून घेतात, दाहिन्या अंगाने. म्हणजे दोन दाहिने मूड मिळूनही पीछे मूडच होतं. −१ ला वर्गमुळं दोन आहेत, आय आणि −आय, हे परेड मैदानावर रोज सकाळी सिद्ध होतं.

भास्कराचार्यांनी बीजगणितात स्पष्ट लिहिलं आहे की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचाच वर्ग नाही. सरळ रेषेवर उभं राहून बघितलं तर ते अगदी बरोबर आहे. रेषेवर पुढे-मागेच जाता येतं, डावीकडे वळायला जागाच नाही. वळायला मैदान लागतं. हे मैदान पहिल्यांदा नीट आखून दिलं ते कुणा प्राध्यापकाने नव्हे, जमीन मोजणाऱ्या माणसाने. कॅस्पर वेसेल, जन्माने नॉर्वेचा, पेशाने सर्वेक्षक. १७९७ मध्ये त्याचा निबंध डॅनिश अकादमीपुढे मांडला गेला: संख्येला लांबी आणि दिशा दोन्ही द्या, गुणताना लांब्या गुणा आणि कोन मिळवा. निबंध १७९९ मध्ये छापला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षं कुणी तो उघडला नाही. १८०६ मध्ये आरगंडने तेच स्वतंत्रपणे मांडलं, आणि पुस्तकात या मैदानाच्या आकृतीला नाव लागलं आरगंडचं. मोजणीदाराच्या नशिबी हे नवीन नाही.

वेसेलचा नियम हातात आला की पानभर गुणाकार दोन ओळींत येतात. (१ + आय)⁸ काढा. कंस आठ वेळा सोडवत बसायचं नाही. १ + आय म्हणजे एक पाऊल पुढे, एक डावीकडे: लांबी √२, कोन ४५ अंश. कवायतीत याला "आधा बाये मूड" म्हणतात. असे आठ आधे मूड म्हणजे ३६० अंश, तोंड पुन्हा पुढे. लांबी √२ चा आठवा घात, १६. उत्तर १६. विश्वास नसेल तर पडताळा: (१ + आय)² = २आय, त्याचा वर्ग −४, त्याचा वर्ग १६. लांबीला पुस्तक मापांक म्हणतं आणि कोनाला कोनांक. डी मॉयव्हरचा सिद्धांत म्हणून जो चौकटीत छापलेला असतो तो हाच: संख्या स्वतःशी जितक्या वेळा घ्याल, कोन तितक्या पट.

याचा एक फायदा शिकवणीत मी मुद्दाम उशिरा सांगतो, नाहीतर पोरं आधीचं काही करतच नाहीत. (कॉस अ + आय साइन अ) आणि (कॉस ब + आय साइन ब) यांचा गुणाकार साधा कंस सोडवून करा. वास्तव भागात येतं कॉस अ कॉस ब − साइन अ साइन ब. पण कोन मिळवायचे असतात, म्हणून तोच भाग कॉस (अ + ब) असलाच पाहिजे. उरलेल्या भागातून साइन (अ + ब) पडतं. त्रिकोणमितीची जी सूत्रं भिंतीवर चिकटवून पाठ केली, ती एका गुणाकारात निघतात. सीईटीच्या हॉलमध्ये चिन्ह अधिक की उणे हे आठवेना, तर मार्जिनमध्ये हा गुणाकार करा. वीस सेकंद लागतात.

आता पुन्हा चाळकेवाडीला. झ³ = ८ सोडवा. कोणती लांबी तीनदा गुणली की ८? २. कोणता कोन तिप्पट केला की पुन्हा पुढे तोंड? ० अंश, हे झालंच. पण १२० ची तिप्पट ३६०, आणि २४० ची तिप्पट ७२०, म्हणजे दोन पूर्ण फेरे. त्यामुळे मुळं तीन: २, −१ + √३ आय, −१ − √३ आय. ती आरगंडच्या आकृतीवर ठेवा आणि मधल्या बिंदूला रेघांनी जोडा. एका पोराने वहीवरून मान वर केली, पवनचक्कीकडे बघितलं, आणि काही न बोलता वही शेजारणीला दाखवली.

तीन पाती, तीन घनमुळं. १ चं १२० अंशांवरचं घनमूळ ओमेगा म्हणून पुस्तकात येतं आणि १ + ओमेगा + ओमेगा² = ० हे सूत्र सगळ्यांचं पाठ असतं. त्याचा अर्थ एवढाच की तिन्ही पाती एकमेकांना तोलून धरतात, बेरीज आसावर येते. एक पातं मोडलं तर बेरीज शून्य राहणार नाही आणि चक्की हादरायला लागेल. आणि आपण सेकंदाला १२० अंश धरले होते ते आठवतंय? प्रत्येक सेकंदाला प्रत्येक पातं पुढच्या पात्याच्या जागी जातं, म्हणजे ओमेगाच्या एका घाताने गुणलं जातं. टोकाची जागा वेळेनुसार लिहिली तर प्राचल समीकरण, लांबी-कोनात लिहिली तर ध्रुवीय निर्देशक, एकाच संख्येत लिहिली तर संमिश्र संख्या.

उतरताना पोरं एका मुलाच्या रानात थांबली, वाटेत होतं म्हणून. विहिरीवर मोटर. शेतीला थ्री फेज लाईट कधी येते यावर ज्यांचं झोपणं-उठणं ठरतं अशा घरातला तो, तरी हे तीन फेज म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लाल, पिवळी, निळी, तीन वायरी. प्रत्येकीतला दाब सेकंदाला ५० फेरे घेतो, आणि तिघी एकमेकींपासून १२० अंशांवर. तीच पवनचक्की, फक्त डोळ्यांना दिसत नाही. बेरीज शून्य, म्हणून तिन्हींवर भार सारखा असेल तर न्यूट्रलमधून प्रवाह परत जायची गरज नाही.

मग मी त्याला विचारलं, एका फेजला २४० व्होल्ट, तर दोन फेजमध्ये ४८० का नाहीत, स्टार्टरवर ४१५ का दाखवतं? वही त्याच्या हातात होतीच. दोन फेजमधला दाब म्हणजे दोघींच्या दाबांतला फरक, म्हणून १ आणि ओमेगा यांच्यातलं अंतर काढायचं. ओमेगा = −१/२ + (√३/२) आय. १ − ओमेगा = ३/२ − (√३/२) आय. मापांकाचा वर्ग ९/४ + ३/४ = ३. मापांक √३, म्हणजे १.७३२. गुणिले २४०: ४१५.७. त्याने आकडा बघितला, स्टार्टरच्या पेटीकडे बघितलं, आणि "आयला" म्हणाला.

एक फेज गेली तर काय होतं हे मात्र त्याला आधीच ठाऊक होतं. मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि वेळेत बंद केली नाही तर जळते. चुंबकीय बल तेव्हा गोल फिरत नाही, एका रेघेवर मागे-पुढे करतं, साइन² आणि कॉस² च्या त्या तुकड्यासारखं. त्याचे आबा तोवर येऊन उभे राहिले होते. त्यांना आमच्या बोलण्यातलं फेज एवढंच कळलं. ते म्हणाले, "मास्तर, गेल्या साली मोटर भरून आणली तर उलटी फिराय लागली. पाणीच चढंना. वायरमननं काय केलं, कुठल्याबी दोन वायरी अदलाबदल केल्या, झाली सुलटी. त्ये कसं?"

मी पोराकडे बघितलं. त्याने वहीचं पहिलं पान उलटलं, पवनचक्कीच्या वर्तुळावर काढलेला बाण खोडला, आणि उलट दिशेला काढून आबांना दाखवला.